सरांच्या बाजूचा ब्रेक

समुपदेशनाचा वार ठरला, वेळ ठरली, काय बोलायचं आणि काय मुळीच बोलायचं नाही हे लेकीने फोनवर दोन्ही बाजूंकडून घोकून घेतलं. ठरत नव्हती ती फक्त जागा.

नवरा-बायकोने मन मोकळं करायचं तर ते घरात करावं, असं कुणालाही वाटेल. पण सरांच्या घरात नेटवर्क मिळे ते एकाच ठिकाणी, न्हाणीघराच्या खिडकीपाशी, आणि तेही पाटावर उभं राहून हात वर केला तर. त्या पाटावर एक माणूस जेमतेम मावे. दोघांनी मावायचं तर आधी संबंध सुधारलेले असायला हवेत, आणि संबंध सुधारायचे तर आधी दोघांनी तिथे मावायला हवं. सरांनी या प्रश्नावर दोन दिवस विचार केला आणि शेवटी नेहमीप्रमाणे निर्णय दिला, "गाडीत बसू."

सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवलेली. उरलेल्या निम्म्यांना चौकापलीकडच्या दुसऱ्या स्कूलने शिकवली होती आणि गावातले सगळे अपघात ते उरलेलेच करतात, असं सरांचं ठाम मत होतं.

घरात भांडण होतं का? मुळीच नाही. भांडण असतं तर लेकीला काळजी वाटली नसती. बायकोने फक्त बोलणं कमी केलं होतं. ती वाक्य सुरू करी आणि मध्येच सोडून देई. उरलेलं वाक्य सर पुरं करत. ते बरोबर पुरं झालं की नाही, हे विचारायची गरज त्यांना कधी भासली नाही. मग एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना ती म्हणाली, "मी ताईकडे जाते."

"जा की. किती दिवस?"

"बघू."

सरांचा घोट घशातच राहिला. 'बघू' हा शब्द ते स्वतः रोज वापरत. ज्याच्या हातून गाडी या जन्मी नीट चालेल असं वाटत नसे, त्याने "सर, लायसन्स कधी मिळेल?" असं विचारलं की सर म्हणत, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

त्यांनी लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "बाबा, आईला अडवू नका. पण ती जायच्या आधी तुम्ही दोघं कुणातरी तिसऱ्या माणसासमोर बसून बोला. हल्ली ऑनलाइन असतं. घरबसल्या."

त्या घरबसल्या प्रकरणाने सरांना घरात बसू दिलं नाही.

पहिली अडचण नावनोंदणीची. ॲप म्हणालं, पतीचा मोबाइल नंबर द्या. सरांनी दिला. पत्नीचा द्या. बायकोचा फोन साधा, बटणांचा. त्यात ॲप कुठून येणार? म्हणून सरांनी पुन्हा आपलाच दिला. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'ही व्यक्ती आधीच या नात्यात आहे.' सरांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, तुम्ही स्वतःशीच नातं जोडलंय."

"अहो, चुकून झालं."

"असू दे सर, बऱ्याच जणांचं होतं. पण अशा नात्याला आमच्याकडे समुपदेशन नाही. दुसरा नंबर लागेल."

दुसरा नंबर होता तो स्कूलच्या फोनचा. तो सरांनी बायकोच्या नावापुढे घातला. त्या फोनवर नावाच्या जागी जाहिरातच घातलेली होती. त्यामुळे झालं असं, की समुपदेशक बाईंच्या पडद्यावर बायकोच्या जागी ठळक अक्षरांत 'आजच प्रवेश घ्या' असं दिसू लागलं. बाई समजूतदार होत्या. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

गाडी इमारतीच्या कुंपणाला लागून उभी असे. तिथे नेटवर्क कसं भरभरून येई. ठरलेल्या संध्याकाळी दोघं गाडीत जाऊन बसले. सर आपल्या शिकवायच्या जागेवर बसले. दुसरीकडे बसायची त्यांच्या शरीराला सवयच नव्हती. बायको मग उरलेल्या जागेवर, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकामागे बसली. स्कूलचा फोन काचेजवळच्या अडकवणीत लावला, कारण सरांच्या फोनला चार्जिंग नव्हतं.

आता शिकवणीची गाडी कशी असते, ते नीट समजून घ्यायला हवं. पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. अशा गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शिकवणाऱ्याच्या. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण थांबवली. शिकवणाऱ्याला माहीत असतं, कुणी थांबवली. सरांच्या पायाला या दुसऱ्या ब्रेकची इतकी सवय होती, की जेवताना, टीव्ही बघताना, एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत, समोरचा माणूस जरा वेगाने बोलू लागला की त्यांचा पाय आपोआप खाली दाबला जाई.

आणि गाडीच्या टपावर एक भोंगा होता. नवीन बॅच सुरू झाली की सर गल्लीगल्लीतून त्यावरून जाहिरात करत. ही दुसरी गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी होती. सरांनी ती ठेवली नाही.

समुपदेशक बाई हसतमुख होत्या. म्हणाल्या, "आधी ताई बोलतील. तुमच्या मते अडचण काय आहे?"

बायको जरा चाचरत म्हणाली, "अडचण अशी काही नाही. पण मी काही सांगायला लागले ना, की हे—"

"मदत करतो," सर म्हणाले.

"मधेच—"

"मधेच आठवण करून देतो. ती विसरते. हळू शिकते ती, पण शिकते."

"बघा," बायको खाली बोट दाखवत म्हणाली, "दाबला."

"काय दाबलं?" बाईंनी विचारलं.

"ब्रेक."

बाईंना फक्त चेहरे दिसत होते. त्यांनी डोळे बारीक केले. "ताई, ब्रेक म्हणजे तुम्ही भावनिक अर्थाने म्हणताय का?"

"नाही हो, पायाने."

सरांनी पाय मागे घेतला आणि दुखावलेल्या आवाजात खुलासा केला की गाडी बंद आहे, त्यामुळे दाबला तरी बिघडत नाही. आपलं हे वाक्य त्यांना एकदा स्वतःच्या तोंडून ऐकू आलं आणि क्षणभराने पुन्हा, आभाळातून आल्यासारखं. त्यांना वाटलं, कानात काहीतरी झालंय.

बाई म्हणाल्या, "बरं. मला एक सांगा. तुम्ही दोघं एकत्र, अगदी पोट धरून, शेवटचं कधी हसला होतात?"

दोघं आठवू लागली. सरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने काचेबाहेर पाहिलं. शांतता लांबत चालली. एवढ्यात वरच्या मजल्याच्या गॅलरीतून बँकवाल्या काकांचा आवाज आला, "अहो सर, सेक्रेटरी पाण्याच्या टाकीत पडला तेव्हा! मी पाहिलंय, दोघंही हसत होतात!"

तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. स्कूलचा फोन हाच भोंग्याचा माइक; गाडीत आला की तो आपसूक भोंग्याला जोडला जाई. वर्षानुवर्षं तीच सोय होती. मन मोकळं करण्याचा हा अत्यंत खाजगी कार्यक्रम पहिल्या शब्दापासून साऱ्या गल्लीला ऐकू जात होता. गॅलऱ्या भरल्या होत्या. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी मशीन बंद करून खिडकीत कोपर टेकून बसल्या होत्या. आणि टाकीत पडलेला सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की हे प्रकरण इथे मिटणार नाही.

मिटलं नाहीच. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'आवारात ध्वनिक्षेपकावरून वैवाहिक कार्यक्रम करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी.' सर तावातावाने सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी थंडपणे म्हणाला, "अर्ज करा. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहू नका, घरगुती गोष्टीला भोंगा कशाला, असं समिती विचारेल. 'शैक्षणिक' लिहा."

सल्ल्यांना तर ऊत आला. काका जिन्यात गाठून म्हणाले, "सर, मी तुम्हाला अनुभवाचं सांगतो. बायको बोलत असली की 'बरोबर आहे' म्हणायचं. काय बरोबर आहे ते ऐकायचं नाही. ऐकलं की वाद होतो."

मावशींचा सल्ला बायकोसाठी होता, पण त्यांनी तो सरांना दिला. "वहिनींना म्हणावं, अजिबात जाऊ नका. नाहीतर जायचंच असेल तर लवकर जा म्हणावं. हे असं मधे लोंबकळत राहू नये माणसाने. माझ्या हातातलं ब्लाउज बिघडलं त्या दिवशी."

आणि सर्वांवर कडी म्हणजे सकाळच्या बॅचमधली एक कॉलेजची मुलगी. वळणावर सरांनी सवयीने ब्रेक दाबला, तर ती म्हणाली, "सर, पाय मागे घ्या ना. मॅडम सांगत होत्या ना काल."

ज्या गाडीत बसून सरांनी आयुष्यभर मान कमावला, त्याच गाडीत तो असा गेला. रात्री ते बायकोला म्हणाले, "तुझ्यामुळे हसं झालं माझं."

बायको म्हणाली, "आणि माझं?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण ती आत जाऊन कपड्यांच्या घड्या करायला लागली होती. त्यातल्या बऱ्याच घड्या बॅगेत जात होत्या.

दुसऱ्या भेटीच्या वेळी सरांनी भोंग्याची वायरच उपटून ठेवली. पण आता भोंग्याची गरज उरली नव्हती. काकांनी नेमकी त्याच वेळी कुंपणाजवळच्या कुंड्यांना पाणी घालायला घेतलं. ज्या कुंडीत झाड नव्हतं, तिलाही घातलं. मावशींनी मशीन खिडकीत ओढून घेतलं, पण ते चालवलं नाही. सेक्रेटरी परवानगीच्या कागदाची वाट बघत समोर खुर्ची टाकून बसला.

पडद्यावर बाई आल्या. "कसे आहात दोघं?"

"बरे आहोत," सर म्हणाले.

"मी ताईंना विचारलं."

बायकोने काकांकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. म्हणाली, "इथे नको."

"मग कुठे?" सर वैतागले. "न्हाणीघरात?"

बायकोने हात पुढे केला आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाल्याचं सरांच्या कानाला कळलं, पण डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला. तोवर तिने आरशात बघून गाडी मागे घेतली होती, सेक्रेटरीला खुर्चीसकट बाजूला व्हायला लावलं होतं, आणि काकांच्या हातातलं पाणी त्यांच्याच चपलांवर सांडत असताना ती फाटकातून बाहेर पडली होती. गिअर एवढा अलगद पडला, की सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणालाही तो तसा टाकता आला नसता.

"अगं," सर म्हणाले. "अगं, तुला—"

"लायसन्स आहे माझ्याकडे."

"कुठे शिकलीस?"

"चौकापलीकडे."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. परक्या माणसाकडे गेली असती तर एक वेळ समजूत घातली असती मनाची. पण चौकापलीकडे!

"ताई, मला खिडकीतून झाडं जाताना दिसतायत," फोनमधून बाई म्हणाल्या. "तुम्ही गाडी चालवताय का? आधी कुठेतरी सुरक्षित जागी थांबवा. मग बोलू."

"पुढे मोकळी जागा आहे, तिथे थांबवते," बायको म्हणाली आणि सावकाश, तोंड समोरच ठेवून, सरांशी बोलू लागली. इतकी सलग ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती. "तुमच्याकडेच आले होते आधी. आठवतंय? तुम्ही म्हणालात, बस, शिकवतो. मी चालवली. वळणं घेतली, थांबवली, सगळं केलं. उतरल्यावर तुम्ही म्हणालात, बघ, जमलं की नाही? आणि मला कळेचना, की मी चालवली का तुम्ही चालवलीत. तुमच्या पायांनी काय केलं, माझ्या पायांनी काय केलं, काही कळेना. घरात पण तसंच होतं हो. भाजी चांगली झाली तर ती तुम्ही सांगितलं म्हणून, लेक शिकली ती तुम्ही लक्ष दिलंत म्हणून. असेलही तसं. मी कुठे नाही म्हणते? पण मला एकदा बघायचं होतं, माझं मला काय येतं ते."

सरांना बरंच काही सुचलं. भाजीबद्दल एक मुद्दा होता, लेकीच्या गणिताबद्दल दोन होते. पण का कोण जाणे, त्यांनी ते गिळले. गाडी रिकाम्या रस्त्यावरून छान चालली होती. संध्याकाळचं ऊन काचेवर पडलं होतं. बायकोच्या कपाळावरची आठी गेली होती. सरांना क्षणभर असंही वाटून गेलं, की असंच जात राहावं.

रस्ता जिथे फाटतो तिथे आल्यावर ती म्हणाली, "खरं सांगू का? जायचं नक्की असं काही नाही माझं. मी राहीनसुद्धा. जर तुम्ही—"

आणि सरांनी ब्रेक दाबला.

का दाबला, हे त्यांना तेव्हा कळलं नाही, पुढेही कळलं नाही. पाय खाली गेला एवढंच. गाडी गचका खाऊन बंद पडली. अडकवणीतून फोन उडाला आणि सीटखाली कुठेतरी गेला. तिथून बाईंचा आवाज येत राहिला, "हॅलो? मला अंधार दिसतोय. तुम्हाला अंधार दिसतोय का?"

बायकोने दोन्ही हात चाकावर तसेच ठेवले होते. तिने समोर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"कोण होतं समोर?"

सरांनीही पाहिलं. "कोणी नाही."

"मग?"

सरांकडे प्रत्येक चुकीचं नाव होतं. क्लच उशिरा सोडणं, आरसा न बघणं, घाईने वळणं. या चुकीला नाव नव्हतं. ते म्हणाले, "जर मी काय?"

"काही नाही," बायको म्हणाली. "राहू दे आता."

ती उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि सरांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. सर मुकाट्याने चाकामागे गेले. घरी येताना गाडी त्यांनी चालवली, आणि दोन वेळा बंद पाडली.

बायको ताईकडे गेली. बॅग सरांनी उचलून दिली, तर म्हणाली, "असू दे, चाकं आहेत तिला."

ती गेल्यावर सरांना दुसरं काही सुचेना. ते 'जर'भोवती घिरट्या घालू लागले. जर तुम्ही भाजीबद्दल बोलला नाहीत तर? जर तुम्ही गाडी माझ्या हातात देत गेलात तर? जर तुम्ही जरा ऐकलंत तर? दुसऱ्याची वाक्यं पुरी करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं होतं, आणि हे एक पुरं होत नव्हतं. शेवटी त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. "आमच्या त्या दिवशीच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग मिळेल का? एवढंसंच हवंय. ब्रेकच्या आधीचं आणि नंतरचं."

"सर, आम्ही काहीच साठवत नाही," तो अदबशीर मुलगा म्हणाला. "तुमची गोपनीयता आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे."

सरांना हसावं की रडावं कळेना. त्यांचं पहिल्या दिवशीचं बोलणं सबंध गल्लीला तोंडपाठ होतं. त्यात कुणाच्याही कामाचं काही नव्हतं. आणि हे एक वाक्य मात्र जगात कुणीही ऐकलेलं नव्हतं. तरी त्यांनी काकांना विचारून पाहिलं. काका हळहळले. "वायर काढायला नको होती, सर. आम्ही लक्षात ठेवलं असतं."

लेकीने तिसरी भेट ठरवली. ताईच्या घरून, ताईच्या फोनवर आई, इथून बाबा. सर कुंपणाजवळच्या गाडीत एकटे जाऊन बसले. या वेळी फोन त्यांनी हातातच धरला. पडदा उजळला आणि त्यात तीन चौकटी उघडल्या. एकीत बाई, एकीत सर, आणि तिसरीत बायको.

सर बघतच राहिले. गाडीत ती त्यांच्या शेजारी असे, टीव्हीपुढे शेजारी, दवाखान्याच्या बाकावर शेजारी. ती बोलते तेव्हा कशी दिसते, हे त्यांनी कित्येक वर्षांत समोरून पाहिलंच नव्हतं. बोलायच्या आधी तिची एक भुवई जराशी वर जात होती. ही नवी होती का पूर्वीपासून होती?

बाई म्हणाल्या, "आज सरांनी सुरुवात करावी."

सरांनी सगळं मनात जुळवून आणलं होतं. ते बोलू लागले. ब्रेकबद्दल बोलले. चौकापलीकडच्या स्कूलला नावं ठेवतो, पण त्यांनी तुला छान शिकवलंय, असं म्हणाले. हे म्हणताना त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. रिकाम्या घरात चहा एकाचा होत नाही, दोघांचाच होतो आणि उरतो, हे सांगितलं. आणि त्या 'जर'च्या पुढे जे काही असेल ते मला मान्य आहे, न ऐकता मान्य आहे, असं म्हणून ते थांबले. एवढं चांगलं ते आयुष्यात बोलले नव्हते.

बायको पडद्याजवळ वाकून म्हणाली, "अहो, आवाज येत नाहीये तुमचा. ओठ हलतायत नुसते."

"सर, तुमचा माइक बंद आहे," बाई म्हणाल्या. "खालचं बटण दाबा. आलं. आता पुन्हा सांगता का?"

एकच गोष्ट शंभर वेळा सांगणं हा सरांचा धंदा होता. क्लच हळू, क्लच हळू, असं दिवसभर म्हणूनही त्यांना कधी कंटाळा आला नव्हता. पण हे दुसऱ्यांदा सांगायला गेले आणि काही केल्या येईना. मनातली सगळी जुळणी पहिल्या खेपेतच संपली होती.

"काही नाही," ते म्हणाले. "तूच बोल."

बायकोने जरा संशयाने पाहिलं. मग बोलू लागली. ताईची गाडी काढली होती म्हणाली. ताईच्या घराकडे मोठा चढ आहे. मधोमध समोरचा थांबला, म्हणून हिला थांबावं लागलं. मागे रांग. निघायला गेली तर गाडी मागे सरकायला लागली. मागचे हॉर्नवर हॉर्न.

सरांना नेमकं माहीत होतं. हातब्रेक ओढायचा, क्लच अर्ध्यावर, गाडीने जोर धरला की सोडायचा. सगळं जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी जीभ दातांखाली धरली.

"मागे बघू की पुढे, कळेना मला," बायको सांगत होती. "ताई घाबरून दार उघडायला निघाली. मला तुमची आठवण झाली. वाटलं, तुम्ही बाजूला असता तर—"

ती थांबली. पूर्वी अशा जागी सरांचं वाक्य तयार असे. आत्ताही होतं, आणि चांगलंच होतं. सर थांबून राहिले.

"तुम्ही बाजूला असता तर," ती हळूच म्हणाली, "मला कधी कळलंच नसतं की चढावर मला गाडी काढता येते."

कुंपणाजवळ काका कुंडीशी वाकलेले होते, ते हलले नाहीत.

"काढलीस?" सरांनी विचारलं.

"काढली. एकदा बंद पडली, मग काढली."

बाई सौम्यपणे म्हणाल्या, "सर, हे ऐकून काय वाटलं तुम्हाला?"

सरांनी त्या तिसऱ्या चौकटीत पाहिलं. बायको वाट बघत होती. तिची ती भुवई किंचित वर होती.

"बरं झालं," सर म्हणाले. मग म्हणाले, "बरं झालं, मी नव्हतो."